माघ सरताना ते पहिल्या वळवापर्यंत: बेळगाव भागातल्या फुलबागेची कामं

फेब्रुवारी उजाडला की मोबाइलवर ‘वसंत आला, बिया पेरा’ असे सल्ले सुरू होतात. त्यावर विसंबून एका वर्षी मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात पिटुनियाची चार पाकिटं पेरली. रोपं झकास उगवली, बोटभर वाढली आणि पाडव्यानंतरच्या उन्हात आठ दिवसांत पापडासारखी वाळून गेली. बियाणं चांगलंच होतं, सल्ला मात्र बर्फ पडणाऱ्या मुलखातला होता. तिकडे थंडी सरली की वाढीचा हंगाम लागतो. आपल्याकडे थंडी सरली की तीन महिने ऊन आणि मग पाऊस. आपला वाढीचा हंगाम जूनला उघडतो. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात फेब्रुवारी ते मे या काळात काही झाडं छाटायची, काही नुसती जगवायची, आणि गणपती-दसऱ्याच्या फुलांसाठी बी, कंद, मुनवे (झाडाच्या बुडाशी मातीतून येणारे कोवळे फुटवे) आणि माती आत्ताच जमवून ठेवायची. नवी लावणी फार थोडी.

माझं घर बेळगावात, मागे परडं आणि वर गच्ची. माहेर खानापूर तालुक्यातल्या नंदगडचं, नणंद निपाणीला दिलेली. तिन्ही ठिकाणी तेच मोगरा-गुलाब आहेत, पण कामं सारखी नाहीत, कारण माती सारखी नाही. सुरुवात तिथूनच करते.

आपली माती कुठली?

खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या पश्चिमेला तांबडी, जांभ्याची माती. पाणी भराभर निचरतं, आंबटपणा असतो, लोह भरपूर. अनंत, अबोली, सोनचाफा तिथे न सांगता वाढतात. पण एप्रिलमध्ये दोन दिवस पाणी चुकलं तर झाड मान टाकतं. निपाणी, चिकोडी, अथणीकडे काळी माती. ती पाणी धरून ठेवते, उन्हात भेगाळते, आणि तिच्यात चुनखडी असते. गुलाब, निशिगंध, शेवंती तिथे जोमात. अनंत मात्र पिवळा पडतो. नणंदेचा अनंत तीन वर्षं तसाच होता, पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या. ती बिचारी शेणखत घालत राहिली. खताची उणीव नव्हतीच. चुनखडीच्या मातीत लोह असून झाडाला घेता येत नाही, आणि बोअरचं जड पाणी त्यात भर घालतं. शेवटी आम्ही तो मोठ्या कुंडीत हलवला: निम्मी नंदगडची तांबडी माती, निम्मं पालापाचोळ्याचं खत. सोबत महिन्यातून एकदा लिटरभर पाण्यात 2 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहच) आणि चार थेंब लिंबू घालून बुंध्याशी दिलं. दुसऱ्या महिन्यात नवी पानं हिरवी आली. जुनी पिवळी पानं काही सुधारत नाहीत, त्यांची वाट बघू नका.

काळ्या मातीत फेब्रुवारीतच वाफ्याची वरची दोन बोटं खुरप्याने भुसभुशीत करून ठेवा. वरचा थर मोकळा राहिला की भेगा कमी पडतात आणि खालची ओल टिकते. तांबड्या मातीत खुरपणीपेक्षा आच्छादन महत्त्वाचं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

मोगरा: आधी उपाशी, मग पोटभर

‘मोगरा नुसता पानांनी भरलाय, फूल नाही’ ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते. गणपत गल्लीत फुलं विकणाऱ्या एका मावशींनी मला याचं उत्तर एका वाक्यात दिलं होतं: ‘पाणी बंद कर गे आधी, मग फुलं माग.’

मोगऱ्याला फुलं येतात ती नव्या फुटीवर, आणि झाड जोरात फुटायला आधी थोडी विश्रांती लागते. संक्रांतीनंतर पाणी तोडायचं. जमिनीतल्या झाडाला 15 ते 20 दिवस, कुंडीतल्या झाडाला 8 ते 10 दिवस पुरतात. पानं मलूल होतील, काही गळतील. त्या दिवसांत जीव खालीवर होतो, पण हात आवरायचा. कुंडीतलं झाड फांद्यांसकट सुरकुतायला लागलं तर मात्र कपभर पाणी द्या, हट्ट नको.

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात छाटणी. जमिनीतली जुनी झुडपं दीड फुटावर आणायची, कुंडीतली उंचीच्या दोन तृतीयांशावर. वाळलेल्या, पेन्सिलीपेक्षा बारीक आणि एकमेकींवर घासणाऱ्या काड्या बुडापासून काढा. उरलेली पानं हाताने ओरबाडून टाका. माझ्या सासूबाईंनी पहिल्यांदा हे केलं तेव्हा मी त्यांच्याशी दोन दिवस धड बोलले नव्हते. परड्यात नुसत्या काड्यांचा खराटा उभा होता.

मग बुंध्यापासून वीतभर लांब गोल आळं उकरायचं, चार बोटं खोल, जास्त नको. एक-दोन दिवस उघडं ठेवायचं. त्यात जमिनीतल्या झाडाला पाटीभर कुजलेलं शेणखत, कुंडीला दोन ओंजळी गांडूळखत, आणि दोन्हींना मूठभर निंबोळी पेंड. माती ओढून आळं बांधायचं आणि पहिलं पाणी भरपूर, खालपर्यंत मुरेल इतकं. पुढे पाणी चुकवायचं नाही. दोन आठवड्यांत प्रत्येक गाठीवर जांभळट कोंब दिसतात, आणि पाडव्याच्या आसपास पहिल्या कळ्या. कुंडी दिवसाचे सहा तास उन्हात हवी. सावलीतला मोगरा कितीही छाटला तरी पानंच देतो.

पहिला बहर ओसरला की फुललेल्या प्रत्येक फांदीचं टोक तीन-चार पानांसकट खुडा आणि कपभर पेंडीचं पाणी द्या. दुसरा बहर वैशाखात मिळतो. पेंडीचं पाणी म्हणजे 100 ग्रॅम शेंगपेंड लिटरभर पाण्यात तीन-चार दिवस भिजवायची, त्यात दहा पट पाणी मिसळायचं. वास मारतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

कळ्या खुडायच्या त्या टपोऱ्या, दुधासारख्या पांढऱ्या झाल्यावर, दुपारी चारच्या सुमारास. ओल्या फडक्यात गुंडाळल्या की दिवेलागणीला उमलतात. हिरवट कळी खुडली तर ती तशीच मिटलेली राहते.

पानांवर पांढरी मखमल चढल्यासारखी दिसली तर ती बुरशी समजू नका. डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळी किडीचं ते काम असतं. ती फांदी कापून कचऱ्यात टाका, खताच्या खड्ड्यात नको. कळ्यांना जाळी आणि भोक दिसलं तर अळी आहे, त्या कळ्या रोज वेचा.

जाई-जुईची मोठी छाटणी पौषातच व्हायला हवी. राहून गेली असेल तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यानंतर हात लावू नका, फक्त वाळलेलं काढा. त्यांचा खरा बहर पावसात असतो, आत्ता ताज्या फुटीला उन्हाचा चटका कशाला?

गुलाब: कात्री जपून

गुलाबाची मोठी छाटणी आपल्याकडे ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर. फेब्रुवारीत फक्त हलका हात: सुकलेली फुलं खाली दोन पानं सोडून कापायची, आतल्या बाजूला वाढणाऱ्या आणि बोरूसारख्या काळ्या पडलेल्या फांद्या काढायच्या. काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरका, म्हणजे पाणी साचत नाही. काळी पडलेली फांदी कापताना आतला गाभा बघा. तपकिरी दिसला तर आणखी खाली कापा, पांढरट-हिरवा दिसेपर्यंत. जाड कापावर कॉपर ऑक्सिक्लोराइडचा लेप लावा आणि कात्री प्रत्येक झाडानंतर पुसून घ्या. भर मार्चमध्ये गुलाब गुडघ्याएवढा छाटला तर उघड्या फांद्या उन्हाने भाजतात, आणि असं भाजलेलं झाड पावसाळा बघत नाही.

आता कलमाखालच्या फुटीबद्दल, कारण यात मी स्वतः फसले आहे. दारावर हातगाडी घेऊन आलेल्या माणसाकडून मी सहा गुलाब घेतले, लाल-पिवळे-केशरी, फोटो दाखवून. वर्षभरात सहाही झाडांना लांबसडक, भरपूर फांद्या आल्या आणि फूल एकही नाही. कलमाची गाठ मातीत पुरली गेली होती, खालच्या रानगुलाबाच्या खुंटाने डोकं वर काढलं आणि वरचं कलम मरून गेलं. त्या माणसाने कलमं वाईट दिली असतील, पण गाठ पुरली ती मीच. आता प्रत्येक झाडाची गाठ मातीच्या दोन बोटं वर आहे का, हे फेब्रुवारीत एकदा बघते. गाठीच्या खालून आलेला फुटवा कात्रीने कापायचा नाही, माती उकरून मुळाशी धरून ओढून तोडायचा. कापला तर एकाचे तीन येतात.

मार्चच्या मध्यापासून गुलाबांवर 50 टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा, निदान पश्चिमेच्या बाजूने. फुलं लहान येतील, रंग फिकट होईल. येऊ दे. एप्रिल-मेमध्ये गुलाबाकडून फुलं मागू नये, कळ्याही निम्म्या खुडून टाकाव्यात. जास्वंदीचं उलटं: तिला फेब्रुवारीत एक तृतीयांश छाटा, पाणी द्या, ती उन्हाळाभर फुलते.

शेवंती संपली म्हणून कुंडी रिकामी करू नका

फुलं वाळली की शेवंतीची कुंडी कोपऱ्यात जाते आणि मार्चमध्ये मरते. तसं होऊ देऊ नका. फुलं संपली की झाड मातीपासून चार ते सहा इंचांवर कापा, कुंडी अर्धसावलीत ठेवा, माती नुसती ओलसर. तीन-चार आठवड्यांत बुडाशी मातीतून कोवळे मुनवे वर येतात. त्यांना चार-पाच पानं आली की एप्रिल-मेमध्ये मुळांसकट अलगद सोडवून छोट्या पिशव्यांत लावा: निम्मी माती, निम्मी वाळू आणि कुजलेला पाला. हीच तुमची पुढच्या दिवाळीनंतरची शेवंती. जून-जुलैत मोठ्या कुंडीत जाईल आणि त्यानंतर दोनदा शेंडे खुडायचे. दोन वर्षं जुनं मूळ झाड मात्र फेकून द्या, त्याची फुलं दरवर्षी बारीक होतात.

कुंड्यांची जागाही आत्ताच ठरवा. शेवंती दिवस लहान झाले की कळी धरते, म्हणजे तिला रात्र अंधारीच लागते. आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर दहा कुंड्या होत्या. रस्त्याच्या खांबावर नवा पांढरा दिवा लागला त्या वर्षी खांबाजवळच्या चार कुंड्या डिसेंबरातही हिरव्यागार, बिनकळीच्या, आणि पलीकडच्या सहा फुलांनी वाकलेल्या. कुंड्या परड्यात हलवल्यावर त्या चारही फुलल्या, पण तोवर हंगाम निघून गेला होता.

बी जमवण्याचे दिवस

थंडीतली हंगामी फुलं, म्हणजे अ‍ॅस्टर, फ्लॉक्स, डायन्थस, फेब्रुवारी-मार्चमध्ये बी धरतात. सगळ्यात ठसठशीत दोन-तीन फुलं आधीच दोरा बांधून राखून ठेवा. सगळी देवाला वाहून उरलेल्या मरतुकड्या फुलाचं बी घेतलं की पुढच्या वर्षी मरतुकडी फुलंच येतात. बोंड झाडावरच वाळू द्या, सकाळचं दव उडाल्यावर काढा, चार दिवस सावलीत पसरा, कागदी पाकिटात नाव आणि महिना लिहून घट्ट डब्यात ठेवा. डब्यात थोडी राख. घरची पाकिटं सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची. अ‍ॅस्टर विकत घ्यायचं असेल तर बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या कामिनी, पूर्णिमा, शशांक या जाती आपल्या भागात नीट येतात.

झेंडूचं घरचं बी मात्र भरवशाचं नाही. बाजारातला मोठा झेंडू बहुतेक संकरित असतो. दसऱ्याच्या माळेतलं बी पेरलं तर चार रोपं चार तऱ्हेची निघतात. परड्यापुरतं चालतं, विकायचं असेल तर रोपं विकत घ्या.

डेलियाची पानं पिवळी पडली की पाणी तोडा, दहा दिवसांनी झाड बोटभर देठ ठेवून कापा आणि गड्डे खोदा. देठाच्या बुडाशी जो डोळा असतो तो प्रत्येक गड्ड्याला चिकटलेला राहिला पाहिजे, नाहीतर रताळ्यासारखा गड्डा नुसता सुरकुततो, फुटत नाही. कोरड्या वाळूत, घरातल्या थंड कोपऱ्यात. ग्लॅडिओलसचे कंदही असेच.

अबोली, आणि फुटणारी बोंडं

अबोलीवर थोडी रेंगाळते. आमच्या भागात केसांतली वेणी अबोलीशिवाय होत नाही. बाजारात कन्नड बायका तिला कनकांबर म्हणतात आणि मोळावर मोजतात, आपण हातावर; माप तेच, कोपरापासून बोटांपर्यंत.

अबोलीची कणसं मार्चपर्यंत खालून तपकिरी होत जातात. ती पूर्ण वाळली की सकाळच्या वेळी कात्रीने कापून घ्या. पहिल्या वर्षी मी ती सुपात घालून मोकळ्या ओसरीवर ठेवली. मुलाने खेळता खेळता त्यावर पाणी उडवलं आणि अर्ध्या मिनिटात टक्, टक्, टक् असा आवाज सुरू झाला. ओल लागली की अबोलीचं बोंड ताडकन उकलतं आणि बी दूर उडवतं, पावसात पसरण्याची ती तिची सोय आहे. सुपातलं निम्मं बी ओसरीभर झालं, काही कौलाच्या वाशावर. तेव्हापासून मी कणसं पातेल्यात घालते, चिमूटभर पाणी शिंपडते आणि वर स्टीलचं ताट झाकते. ताटावर गारा पडल्यासारखा आवाज येतो. तो थांबला की ताट उचलायचं, चपटं तपकिरी बी फडक्यावर घेऊन लगेच सावलीत वाळवायचं. फार साठवू नये, मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरावं. दोन-तीन आठवड्यांत उगवतं.

दिल्ली नावाने विकली जाणारी गडद केशरी अबोली बी धरत नाही. ती फाट्यांवरूनच वाढवावी लागते. चार-पाच इंचांचे कोवळ्या शेंड्याचे फाटे, खालची पानं काढून, ओल्या वाळूत, पहिल्या वळवानंतर.

अबोली एकाच जागी तीन-चार वर्षं राहिली की पानं लहान होतात, झाड खुरटतं. उपटून बघितलं तर मुळांवर गाठी. ती सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक जंत. अशा वाफ्यात लगेच पुन्हा अबोली नको. एप्रिल-मेमध्ये तिथली माती वीतभर खोल उकरा, ढेकळं फोडा, पाणी शिंपडा आणि पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणून कडा मातीने दाबून टाका. चार ते सहा आठवडे कडक उन्हात ती माती आतून तापते. पावसाळ्यात तिथे झेंडू लावा, त्याची मुळं सूत्रकृमींना मानवत नाहीत. पुढच्या वर्षी अबोली. रिकाम्या कुंड्यांची मातीही अशीच गच्चीवर पसरून तापवून घ्या.

उन्हात काय पेरायचं

थोडंफार पेरता येतं. झेंडू बी पेरल्यापासून साधारण अडीच-तीन महिन्यांत फुलतो, म्हणजे फेब्रुवारीच्या सुरुवातीला पेरलेला अक्षय तृतीयेला हाताशी येतो. पाडव्याला घरचाच हवा असेल तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच पेरायला हवा होता. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा. फुलं आठवडाभर उशिरा येतात पण दुप्पट येतात. उन्हाळी झेंडूचं फूल लहानच असतं.

झिनिया आणि सूर्यफूल मार्चच्या मध्यापर्यंत थेट जागेवर पेरा. सदाफुली, गोकर्ण कुठेही तगतात. गच्चीसाठी माझं आवडतं म्हणजे ऑफिस टाइम: सकाळी नऊ-दहाला उघडतं, दुपारी मिटतं, सरकारी खात्यापेक्षा नियमित. बोटभर फाटा मातीत खोचला की झालं, आठवड्यात मूळ धरतो. बोगनवेलीला मार्चपासून पाणी कमी करा. पानं थोडी सुकू लागली की तेवढ्यापुरतं. भरपूर पाणी मिळालं तर ती हिरवीच राहते.

पॅन्सी, पिटुनिया, डायन्थस आत्ता पेरू नका, का ते पहिल्या परिच्छेदात सांगून झालं.

पाणी

आमच्या गल्लीत उन्हाळ्यात नळ चार दिवसांआड येतो. परड्यात जुना आड आहे म्हणून बाग आहे. प्रत्येकाकडे आड नसतो, तेव्हा झाडं तीन गटांत वाटून घ्या. पहिला गट रोज पाणी लागणारा: अनंत, अबोली, शेवंतीचे मुनवे, सगळ्या लहान कुंड्या. दुसरा दिवसाआड: गुलाब, जास्वंद, मोगरा. तिसरा आठवड्यातून दोनदा: बोगनवेल, कण्हेर, तगर, चाफा, जमिनीतला पारिजातक. कुंड्याही तशाच एकत्र मांडा, म्हणजे झारी घेऊन फिरताना चूक होत नाही. बारा इंची कुंडीला एप्रिलमध्ये दीड-दोन लिटर लागतं, आणि ते सकाळी सात वाजायच्या आत. संध्याकाळी द्यायचं असेल तर फरशी निवल्यावर. तापलेल्या कुंडीत भर उन्हात ओतलेलं पाणी बरंचसं वाफ होऊन उडून जातं.

कुंड्या थेट स्लॅबवर ठेवू नका, खाली दोन विटा. लहान मातीची कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधे वाळू किंवा नारळाच्या शेंड्या भरा आणि त्या ओल्या ठेवा. तांदूळ-दाळ धुतलेलं पाणी चालतं, साबणाचं आणि मिठाचं नाही.

आच्छादनाला आपल्याकडे तोटा नाही. बेळगाव-खानापूरकडे भाताचं पिंजर (पेंढा), निपाणी-चिकोडीकडे उसाचं पाचट. चार बोटं जाड थर, बुंध्यापासून तीन बोटं लांब. अगदी बुंध्याला लावलं की वाळवी चढते, तांबड्या मातीत तर हमखास. पिंजराखाली मूठभर निंबोळी पेंड टाकली की वाळवीचं प्रमाण कमी राहतं. भाताचं तूस वापरू नका असं नाही, पण वळवाच्या पहिल्या सरीत ते सगळं वाहून गटारात जातं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये आंबा, फणस, बदाम पानं गाळतात आणि गल्लीगल्लीत ढीग पेटवले जातात. ती पानं मागून आणा. खड्ड्यात किंवा जुन्या सिमेंटच्या पोत्यात भरा, मधे मधे शेणकाला, आठवड्याला तांब्याभर पाणी. जूनपर्यंत निम्मं कुजतं, दसऱ्याला काळंभोर होतं. आंब्याचं पान जाड असतं, ते चुरडून घाला. शेणखत मात्र पूर्ण कुजलेलंच घ्या. मुठीत दाबलं तर चहाच्या चोथ्यासारखं सुटलं पाहिजे आणि वास मातीचा यायला हवा. ताज्या शेणात मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या येतात.

उन्हाळ्यातली कीड

जास्वंदीवर कापूस लागल्यासारखा पिठ्या ढेकूण येतो. त्याआधी मुंग्यांची रांग दिसते, ती दिसली की समजायचं. सुरुवातीला पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि 1 मिली भांडी घासायचा द्रव साबण, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने, आठवड्याच्या अंतराने तीनदा. गुलाबाची पानं धुळकट, खाली बारीक जाळी असेल तर लाल कोळी आहे. त्याला कोरडी हवा आवडते, म्हणून पानांच्या खालून सकाळी पाण्याचा फवारा हाच पहिला उपाय. पाण्यात मिसळायचं गंधक लिटरला 2 ग्रॅम चालतं, पण ते उन्हाच्या तडाख्यात फवारलं की पानं करपतात. मार्चनंतर मी वापरत नाही.

निपाणीकडे तंबाखूचा काढा सर्रास फवारतात. मावा मरतो, खरं आहे. पण तो काढा माणसालाही विषारी आहे. हातमोजे हवेत, पोरं आणि मांजर लांब हवीत, आणि पिटुनियावर कधीच नको, कारण तंबाखूतला केवडा रोग (मोझॅक विषाणू) पिटुनियालाही होतो. विडी-तंबाखू हाताळलेले हातही रोपांना लावण्याआधी साबणाने धुवावेत. नणंदेला हे पटायला दोन हंगाम लागले.

वळीव आल्यावर

शिवजयंतीचे चित्ररथ निघेपर्यंत, म्हणजे वैशाखात, आमच्याकडे एखादा तरी वळीव होऊन गेलेला असतो. त्याआधी वारा येतो. आकाश खानापूरच्या बाजूने काळं झालं की उंच कुंड्या भिंतीशी, जाळीच्या दोऱ्या पुन्हा आवळून. गारा पडल्या तर फाटलेली पानं लगेच ओरबाडू नका, फक्त मोडलेल्या फांद्या कापा.

पहिल्या सरीनंतर दोन-तीन दिवसांत मातीत झोपलेल्या मे फ्लॉवरच्या कंदातून फुलाचा लाल चेंडू वर येतो. त्याला काही करायचं नसतं. एवढंच की मार्चमध्ये रिकामी दिसणारी ती कुंडी कुणी ओतून टाकू नये. मी तिच्यावर विटेचा तुकडा ठेवते, खूण म्हणून.

निशिगंधाचे कंद आता लावा. अंगठ्याच्या पेरापेक्षा जाड, दोन ते तीन सेंटिमीटरचे कंद निवडा. दोन इंच खोल, वीतभर अंतर, ऊन भरपूर. लावल्यापासून तीन-साडेतीन महिन्यांत दांडा येतो, म्हणजे गणपतीच्या सुमारास. हारासाठी एकेरी प्रज्वल, फुलदाणीसाठी दुहेरी सुवासिनी, दोन्ही बेंगळुरूच्याच संस्थेच्या. जुना वाफा तीन वर्षांचा झाला असेल तर कंद उपटून, वेगळे करून, पंधरा दिवस सावलीत वाळवून मग लावा. रोपं किंवा कंद घ्यायला गोकाकजवळच्या अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयात एकदा जाऊन यावं, तिथे जातीचं नाव विचारलं तर उत्तर मिळतं.

वळवानंतर तिन्हीसांजेला कडुनिंबावर, बाभळीवर तपकिरी भुंगेरे जमतात, ते हुमणीचे. दिवा लावून खाली रॉकेल मिसळलेल्या पाण्याची परात ठेवा आणि जमतील तेवढे आठ-दहा संध्याकाळी पकडा. उसाच्या पट्ट्यात गल्लीने मिळून केलं तरच उपयोग होतो, एकट्याच्या परातीने काय होणार.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सावलीची जाळी काढा, कुंड्यांखालच्या ताटल्या उचला, प्रत्येक कुंडीच्या तळाच्या भोकात काडी घालून ते मोकळं आहे का बघा. पिंजर बुंध्यापासून मागे ओढा, पावसात ते बुंध्याशी कुजतं. शेवंतीचे मुनवे पागोळ्यांच्या आत घ्या. अबोलीचं बी तोवर पेरून झालेलं असलं पाहिजे, आणि त्या वाफ्यावर दोन-चार काट्याच्या फांद्या टाका, नाहीतर शेजारची कोंबडी पहिल्याच सकाळी ते सगळं उकरून जाते.